राजवाडा नेमका केवढा? विकिपीडियावर लिहू पाहणाऱ्या बडोदेकरांसाठी

बडोद्याच्या मराठी घरात पाहुणा आला की दोन गोष्टी ठरलेल्या: सेव उसळ आणि "आपला लक्ष्मीविलास पॅलेस बकिंगहॅम पॅलेसच्या चौपट आहे बरं का" हे वाक्य. मीही ते लहानपणापासून ऐकत आलो. विकिपीडियावर खातं उघडल्यावर पहिलं योगदान म्हणून तेच घातलं, एका बातमीचा दुवा जोडला आणि चहा टाकायला उठलो. परत येईतो वाक्य गायब. पुन्हा घातलं, पुन्हा गेलं. तिसऱ्या वेळी बदलाच्या आढाव्यात, म्हणजे बदलासोबत लिहायच्या छोट्या टिपेत, मी जे लिहिलं ते इथे सांगण्यासारखं नाही. समोरच्यानं माझ्या चर्चा पानावर एवढंच विचारलं: "वाडा मोजलाय की आवार?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तुमची सुरुवात यापेक्षा बरी व्हावी म्हणून हे लिहितोय. कोणतं बटण कुठे दाबायचं ते तिथल्या मदतीच्या पानांवर आहेच. मी सांगतोय ते वेगळं: कोणीही बदलू शकेल अशा ज्ञानकोशात मजकुरावर ताबा नेमका कोणाचा असतो, त्यात पक्षपात कुठून शिरतो, आणि त्यात आपला स्वतःचा किती असतो.

पहिली पायरी: आठवडाभर हात लावू नका

प्रत्येक लेखामागे आणखी दोन पानं असतात, इतिहास आणि चर्चा. बहुतेक वाचक ती जन्मात उघडत नाहीत. तुम्ही तिथूनच सुरुवात करा.

इतिहासात प्रत्येक बदलाची तारीख, वेळ, करणाऱ्याचं नाव आणि मजकूर किती वाढला-घटला याचा आकडा असतो. कोणत्याही दोन आवृत्त्या शेजारी ठेवून फरक बघता येतो. तीन गोष्टी शोधा. एकच परिच्छेद पुन्हापुन्हा येतो-जातो का? एकच नाव सगळीकडे दिसतं का? आणि एखाद्या दिवशी अचानक मोठा मजकूर उडाला असेल, तर त्या आठवड्यात बाहेरच्या जगात काय चाललं होतं?

चर्चा पानावर लोक नावांवरूनसुद्धा वर्षानुवर्षं भांडलेले दिसतील. पोलंडमधल्या ग्दान्स्क शहराला कोणत्या काळासाठी 'डान्झिग' म्हणायचं, यावर इंग्रजी विकिपीडियात २००५ साली मतदान घ्यावं लागलं. हसू नका, आपल्याकडेही तेच आहे. शहराचं अधिकृत नाव १९७४ पासून वडोदरा, आपल्या तोंडी बडोदे किंवा बडोदा. मग सयाजीराव गायकवाडांच्या लेखात काय लिहायचं? माझ्या मते संस्थानाच्या काळाबद्दल लिहिताना बडोदे आणि आजच्या महापालिकेबद्दल लिहिताना वडोदरा. पण हे माझं मत झालं. लेखात आधी काय ठरलंय ते बघूनच हात घाला.

दुसरी पायरी: खातं आणि धूळपाटी

दोन मिनिटांचं काम. खात्याला दुकानाचं, संस्थेचं किंवा मंडळाचं नाव देऊ नका, माणसाचं किंवा टोपणनाव द्या. सरावासाठी धूळपाटी आहे, तिथे हवं ते गिरवा आणि पुसा. इंग्रजीत काही लेख अर्धसुरक्षित असतात. त्यात बदल करायला खातं किमान ४ दिवस जुनं आणि नावावर १० संपादनं लागतात. फार तापलेल्या विषयांना ३० दिवस आणि ५०० संपादनांची अट असते. नवख्याला हे दार बंद केल्यासारखं वाटतं, पण वाद पेटला की रातोरात खाती उघडून येणारी झुंड याच अटीमुळे थांबते. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे आणि तिथे हातांची चणचण आहे. शुद्धलेखन, वर्ग, तुटलेले दुवे अशा कामांपासून सुरुवात केलीत तर लोक ओळखू लागतात, आणि पुढे वाद झालाच तर ती ओळख कामी येते.

तिसरी पायरी: संदर्भ, म्हणजे राजवाड्याचं गणित

गोष्ट खरी असणं पुरेसं नाही, वाचकाला ती तपासता आली पाहिजे. नियम एवढाच आहे, पण अंगवळणी पडायला मला वर्ष लागलं.

चौपटीच्या वाक्याचं काय झालं ते सविस्तर सांगतो. बातम्यांमध्ये सर्रास असे आकडे येतात: लक्ष्मीविलास पॅलेस ३,०४,९२,००० चौरस फूट, बकिंगहॅम पॅलेस ८,२८,८२१ चौरस फूट. आकडे इतके नेमके की संशय घ्यायला जागाच नाही असं वाटतं. आता कागद-पेन घ्या. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. पहिल्या आकड्याला त्यानं भागा. उत्तर येतं ७००, एका फुटाचाही फरक नाही. म्हणजे कोणी फीत घेऊन वाडा मोजलेला नाही. "७०० एकरांचं आवार" या गोल आकड्याला कोणीतरी चौरस फुटांत बदललं, आणि बागा, मैदानं, झाडंझुडपं धरून आलेली ती संख्या लंडनच्या इमारतीच्या मजल्यांच्या क्षेत्रफळाशेजारी ठेवली. आणि या दोन आकड्यांचं गुणोत्तर चार येतच नाही, छत्तीसच्या वर जातं! तरी एकाच बातमीत 'चौपट' आणि हे आकडे सुखानं शेजारी नांदतात.

बातमीदारानं हे कुठून घेतलं? दुसऱ्या बातमीतून. तिनं कुठून? एखाद्या संकेतस्थळावरून. आणि त्यानं कधी कधी खुद्द विकिपीडियाच्या जुन्या आवृत्तीतून! मग तीच बातमी संदर्भ म्हणून परत लेखाला जोडली जाते. साप स्वतःची शेपटी गिळतो तसं. म्हणून संदर्भाची तारीख बघा. वाक्य लेखात आधी आलं आणि बातमी नंतर छापली गेली असेल, तर तो संदर्भ कुचकामी.

यात एक मेख आहे. मी वर केलेलं गणित बरोबर असलं तरी "सगळी वर्तमानपत्रं चुकली आहेत" असं लेखात लिहिता येत नाही. ते माझं स्वतःचं संशोधन ठरेल, आणि त्याला तिथे बंदी आहे. चर्चा पानावर मात्र हेच गणित मांडून "हा संदर्भ भरवशाचा नाही, वाक्य काढावं" असं म्हणता येतं. मी तेच केलं. वाडा १८९० मध्ये पुरा झाला, आराखडा चार्ल्स मँटचा आणि काम पुढे नेलं रॉबर्ट चिझमनं, एवढं राहिलं. चौपट गेली. सही केली तेव्हा घशात थोडं अडकलं, खोटं कशाला बोलू.

चांगले संदर्भ हवे असतील तर मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत जा. सयाजीरावांनी १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून ग्रंथालयांचं जे जाळं उभं केलं, त्याचं हे केंद्र. संस्थानच्या काळातली मराठी पुस्तकं तिथे आहेत. पान क्रमांक टिपून घ्या. नुसतं पुस्तकाचं नाव म्हणजे अर्धाच संदर्भ.

आणि पुस्तक कोणी लिहिलंय ते बघा. बडोद्याबद्दल जुनं काही शोधलं की मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८८३ चा बडोद्यावरचा खंड हाती लागतो. त्याच्या मागे एफ. ए. एच. एलियट हे नाव आहे. हे गृहस्थ ब्रिटिश सरकारचे अधिकारी आणि बाल सयाजीरावांचे शिक्षक. म्हणजे आधीच्या महाराजांचा कारभार किती वाईट होता हे आपल्याला सांगणारा माणूस नव्या महाराजांचा गुरू आहे. म्हणून पुस्तक टाकून द्यायचं नाही. माहितीचा खजिना आहे तो. फक्त त्यातलं मत "एलियट लिहितात" असं म्हणून द्यायचं, ज्ञानकोशाच्या आवाजात नाही.

चौथी पायरी: क्रियापदावर बोट ठेवा

पक्षपात विशेषणांत असतो असं सगळ्यांना वाटतं. 'थोर', 'महान', 'कुप्रसिद्ध' हे शब्द कोणीही पकडतं, पकडून काढून टाका. अवघड जागा क्रियापदात असते.

सयाजीरावांच्या आधीचे महाराज मल्हारराव गायकवाड यांचं उदाहरण घ्या. त्यात येणारा रेसिडेंट म्हणजे संस्थानात नेमलेला इंग्रज सरकारचा प्रतिनिधी. ही तीन वाक्यं वाचा.

"मल्हाररावांनी रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोग केला आणि त्यांना पदच्युत करण्यात आलं."

"इंग्रजांनी विषप्रयोगाचं कुभांड रचून मल्हाररावांना पदच्युत केलं."

"नोव्हेंबर १८७४ मध्ये रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या सरबतात विष घातल्याचा आरोप मल्हाररावांवर झाला. चौकशीसाठी नेमलेल्या सहा जणांच्या आयोगात तिघा इंग्रज सदस्यांना आरोप खरा वाटला. ग्वाल्हेरचे महाराज जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव यांना तो सिद्ध झालेला वाटला नाही. एप्रिल १८७५ मध्ये सरकारनं गैरकारभाराच्या कारणावरून त्यांना पदच्युत केलं."

पहिलं वाक्य रेसिडेन्सीचं, दुसरं आपल्या ओट्यावरचं. दोन्ही वाक्यांत 'आणि'ला किंवा 'रचून'ला लटकून एक निकाल आत येतो, जो आयोगानंही दिला नव्हता. तिसरं लांबलचक आहे, पण त्यात कोण काय म्हणालं ते कळतं आणि पदच्युतीचं जाहीर कारण विषप्रयोग नव्हतं हेही कळतं. तटस्थ म्हणजे गुळमुळीत, अशी एक समजूत असते. इथे उलट आहे. तिसऱ्या वाक्यात माहिती जास्त आणि ती जास्त टोचणारी आहे. आयोग तीन-तीन असा फुटला आणि फूट नेमकी गोऱ्या-काळ्या रेषेवर पडली, हे वाचकाला आपोआप दिसतं. ते आपण बोलून दाखवायचं नाही.

आता स्वतःची परीक्षा घ्या. डिसेंबर १९११, दिल्ली दरबार. सयाजीराव बादशहा पंचम जॉर्जसमोर एकदाच झुकले आणि पाठ करून परतले. आपल्याकडे हे "महाराजांनी भर दरबारात बादशहाचा अपमान केला" असं छाती फुगवून सांगतात. त्या वेळच्या इंग्रजी पत्रांनीही ते राजद्रोहासारखं रंगवलं. म्हणजे गंमत बघा, दोन टोकांची माणसं एकाच वाक्यावर एकमत! स्वतः महाराजांनी मात्र व्हाइसरॉय हार्डिंग यांना पत्र लिहून दिलगिरी व्यक्त केली आणि तो घोटाळा गोंधळल्यामुळे झाला असं कळवलं. पत्र मनापासून होतं की राज्य वाचवण्यासाठी? अभ्यासकांना वाद घालू द्या. तुम्ही काय घडलं, कोणी काय अर्थ लावला आणि महाराज काय म्हणाले, हे तिन्ही लिहा. 'अपमान केला' हे क्रियापद कोणाचं आहे ते सांगितल्याशिवाय वापरू नका. आपल्याला आवडणारं वाक्य असेल तेव्हा हे पाळणं जड जातं. मला जातं.

पाचवी पायरी: बदल उलटवला तर

उलटवला जाणारच. तिथला रिवाज असा: एकानं धाडसानं बदल केला, दुसऱ्यानं उलटवला, की तिसरं पाऊल चर्चा पानावर पडतं. पुन्हा लेखात नाही. इंग्रजीत एकाच पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवाउलटवी केली की खातं गोठवलं जातं; तुमचं म्हणणं बरोबर होतं का, हे विचारलं जात नाही. द्रुतमाघार नावाचं एका टिचकीत मागे नेणारं बटण उघड उत्पातासाठी आहे, मतभेदासाठी नव्हे. कोणी ते तुमच्यावर चुकीचं वापरलं तर तसं शांतपणे म्हणा.

चर्चा पानावर लिहिताना माणसाबद्दल नाही, वाक्याबद्दल लिहा. "तुम्ही इतिहासाचे शत्रू आहात" यानं काही हलत नाही. "दुसऱ्या परिच्छेदातलं तिसरं वाक्य या पुस्तकाच्या अमुक पानाशी जुळत नाही, मी असं सुचवतो" यानं हलतं. सुचवलेलं वाक्य तिथेच पूर्ण लिहून दाखवा, शेवटी चार टिल्ड (~~~~) टाकून सही करा आणि आठवडाभर थांबा. कोणी काहीच बोललं नाही तर बदल करा आणि आढाव्यात "चर्चा पान पाहा" असं लिहा. आढावा रिकामा सोडणाऱ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि ते योग्यच आहे.

सहावी पायरी: मालक कोण ते ओळखा

श्रीधर व्यंकटेश केतकरांचा ज्ञानकोश उघडला की संपादक कोण हे मुखपृष्ठावर दिसतं. भांडायचं तर कोणाशी, ते माहीत असतं. विकिपीडियावर तो माणूस नाही. प्रचालक असतात, त्यांना पान काढता येतं, सुरक्षित करता येतं, सदस्याला रोखता येतं. मजकूर काय असावा हे ठरवायचा त्यांना इतरांपेक्षा जास्त अधिकार नसतो. कागदावर असं आहे. छोट्या विकिपीडियावर मात्र जो रोज येतो, ज्याला नियम पाठ आहेत आणि जो दमत नाही, त्याचंच चालतं.

याचं टोक क्रोएशियन विकिपीडियात दिसलं. तिथे अतिउजव्या विचारांच्या प्रचालकांच्या एका गटानं जवळजवळ दशकभर ताबा ठेवला, दुसऱ्या महायुद्धातल्या अत्याचारांचा इतिहास सौम्य केला आणि विरोध करणाऱ्यांना हाकललं. २०१३ मध्ये तिथल्या शिक्षणमंत्र्यांनी विद्यार्थ्यांना तो वापरू नका असं सांगितलं. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशननं करवून घेतलेला अहवाल यायला २०२१ उजाडलं. स्कॉट्स भाषेची गोष्ट वेगळी आणि जास्त केविलवाणी: २०२० मध्ये लक्षात आलं की हजारो लेख एका अमेरिकन मुलानं लिहिलेत, ज्याला ती भाषा येतच नव्हती. वर्षानुवर्षं कोणी बघितलंच नव्हतं.

मराठीवाल्यांनी या दोन्ही गोष्टी खिशात ठेवाव्यात. लेखावर चार डोळे नसतील तर नियम कितीही चांगले असोत, ते लागू करायला कोणी नसतं. दोघांचं जुंपलं आणि तिसरा कोणी येत नसेल तर चावडीवर, म्हणजे विकिपीडियाच्या सार्वजनिक चर्चेच्या पानावर, विषय टाका. मित्रांना फोन करून "जरा माझ्या बाजूनं लिही" असं मात्र सांगू नका. ते उघडकीला येतं आणि मग तुमची खरी बाजूही लंगडी पडते.

बाहेरचा दाबही असतो. २०२४ मध्ये एएनआय या वृत्तसंस्थेनं आपल्यावरच्या लेखावरून दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांवरच्या इंग्रजी लेखातल्या मजकुरावरून महाराष्ट्र सायबर या पोलिसांच्या विभागानं विकिमीडिया फाउंडेशनला नोटीस पाठवली. अशा लेखांवर नवख्यानं पहिल्याच महिन्यात उडी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. भित्रेपणा म्हणा हवं तर.

सातवी पायरी: घरच्यांना नाही म्हणायला शिका

तुम्ही लिहिता हे कळलं की नातेवाईक येतात. माझ्या एका काकांनी त्यांच्या संस्थेवर लेख लिही म्हणून माहितीपत्रक दिलं. अध्यक्षांचे तीन फोटो, 'अग्रगण्य' हा शब्द पाच वेळा. मी लिहिला. चौथ्या दिवशी लेख काढला गेला आणि काका सहा महिने बोलले नाहीत. ज्याच्याशी आपलं नातं, नोकरी किंवा पैसा जोडलेला आहे त्याबद्दल लेखात हात घालू नका. चर्चा पानावर नातं उघड करून सुचवणी द्या. पैसे घेऊन लिहीत असाल तर ते जाहीर करणं २०१४ पासून वापराच्या अटींतच आहे.

आठवी पायरी: जे लिहिलंच गेलं नाही

लिहिलेल्यातला पक्षपात शोधता येतो. न लिहिलेल्यातला शोधायला मुद्दाम बसावं लागतं. डोना स्ट्रिकलंड यांच्यावरचा मसुदा इंग्रजी विकिपीडियानं २०१८ मध्ये पुरेसे संदर्भ नाहीत म्हणून नाकारला होता; त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं, मग लेख आला. नाकारणारा दुष्ट नव्हता. त्यांच्याबद्दल इतरांनी फारसं छापलंच नव्हतं, आणि विकिपीडिया छापलेल्याच्या पाठीवर उभा असतो.

आपल्याकडे बघा. महाराणी चिमणाबाई दुसऱ्या यांची ओळख बहुतेक वेळा 'सयाजीरावांच्या पत्नी' इथेच थांबते. त्यांचं भारतीय स्त्रियांच्या स्थितीवरचं इंग्रजी पुस्तक १९११ मध्ये आलं आणि १९२७ मध्ये पुण्यात भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. संदर्भ मिळतात, शोधणारा हवा.

एक अडचण मात्र सुटत नाही. दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यांत कोण राहायचं, कोणत्या गणेशोत्सवात कोण गायलं, हे माझ्या आजीला पाठ होतं. आजी संदर्भ होऊ शकत नाही. नियम समजतो, तरी तो मला अन्यायाचा वाटतो. ज्यांच्याकडे छापखाने होते त्यांचाच इतिहास तपासण्याजोगा ठरतो. यावर मला एकच उपाय दिसतो, तो म्हणजे आधी दुसरीकडे छापणं. एखादी संपादित स्मरणिका, मासिकातला लेख, काहीही, पण त्यामागे संपादक हवा.

परवा भाच्याचा फोन आला. तावातावानं बोलत होता.

"मामा, विकिपीडियावर कोणीतरी आपल्या पॅलेसचं चौपटचं वाक्य काढून टाकलंय. मी परत घालतोय."

"आधी इतिहास उघड," म्हटलं. "कोणी काढलं ते बघ, आणि चर्चा पान वाच."

बराच वेळ पलीकडून नुसता पंख्याचा आवाज.

"मामा… हा तूच?"